तोल आणि मोल

पहाटे पाचच्या सुमारास थाटीपुरचा चौराहा पोरांचा असतो. (आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं त्याला चौक म्हणत नाही, चौराहाच म्हणतो.) भिंड-मुरैन्याकडून आलेली, एकेका भाड्याच्या खोलीत चौघं-चौघं राहणारी ही पोरं फौजेच्या भरतीसाठी धावत असतात. मुरारची छावणी इथून फार लांब नाही. ती डोळ्यांसमोर असल्यावर पायांना वेगळं सांगावं लागत नसावं. दम खायला थांबली की त्यांचं बोलणं तीन आकड्यांभोवती फिरतं: उंची, छाती, वजन. उंचीला इलाज नाही, छाती थोडीफार फुगवता येते, वजन मात्र रोजची काळजी. कुणाला ते वाढवायचं असतं, कुणाला उतरवायचं.

ही प्रस्तावना लिहायला बसलो आणि त्या पोरांच्या जागी मला साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा एक मुलगा दिसू लागला. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं, इस्लामपूरजवळचं पेठ हे त्याचं गाव. जन्म 1944 चा. लहानपणापासून कुस्तीचं वेड. गावातल्या एका वजनदार घरच्या मुलाला त्याने चीत केलं, त्यावरून तंटा झाला आणि त्याला गाव सोडावं लागलं, असं त्याने स्वतःच पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. तो पुण्याला आला आणि सैन्याच्या बॉइज बटालियनमध्ये दाखल झाला. तिथे कुस्ती सुटली, हातांत ग्लोव्ह्ज आले. मुरलीकांत राजाराम पेटकर या नावाच्या हलक्या वजनाच्या मुष्टियोद्ध्याची कारकीर्द अशी सुरू झाली.

ग्वाल्हेरला हे नाव पोचलं ते सिनेमामुळे. ‘चंदू चॅम्पियन’ हा कबीर खान यांचा चित्रपट 14 जून 2024 रोजी आला. त्याच्या महिनाभर आधी त्याचं ट्रेलर इथे, कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर दाखवलं गेलं, कारण पेटकरांची भूमिका करणारा कार्तिक आर्यन हा ग्वाल्हेरचाच मुलगा. ज्या मैदानावर 2010 साली सचिन तेंडुलकरने पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक ठोकलं, तिथे त्या दिवशी गर्दी आपल्या गावच्या नटासाठी जमली होती. ज्याचं आयुष्य तो पडद्यावर जगणार होता तो माणूस मराठी आहे, हे त्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. आमच्या लष्करातल्या, दौलतगंजातल्या मराठी घरांतही ते फारसं ठाऊक नव्हतं. जिथे आम्ही पिढ्यान् पिढ्या राहतो त्या ‘लष्कर’ या वस्तीचं नावच 1810 साली दौलतराव शिंद्यांच्या सैन्याचा तळ पडला त्यावरून आलेलं. मराठी सैनिकाची गोष्ट आम्हाला हिंदी पडद्यावरून कळावी, याची थोडी लाज वाटली. या पुस्तकाचं बीज त्या लाजेत आहे.

पुढच्या पानांत हलक्या वजनी गटांत लढलेल्या मुष्टियोद्ध्यांच्या कारकिर्दी आहेत आणि त्यांच्या मधोमध पेटकर आहेत. ‘पण पेटकर तर पोहण्यातल्या सुवर्णपदकासाठी ओळखले जातात, त्यांना बॉक्सरांच्या पंगतीला का बसवलंत?’ असं कुणी विचारील. उत्तर द्यायलाच ही प्रस्तावना लांबली आहे. आपल्याकडे बरोबरीच्या जोडीला ‘तोलामोलाची’ म्हणतात. त्या एका शब्दात दोन शब्द आहेत. तोल म्हणजे वजन, आणि तोल म्हणजे उभं राहण्याची, न पडण्याची कलाही. मोल म्हणजे किंमत. हलक्या वजनाच्या लढवय्याची सगळी कारकीर्द या दोन शब्दांत मावते. तोल त्याला स्वतः सांभाळावा लागतो, मोल दुसऱ्यांनी करायचं असतं. पहिल्या कामात पेटकर कधी चुकले नाहीत. दुसऱ्यात आपण सगळे फार उशिरा जागे झालो.

*

मुष्टियुद्ध आपल्या मातीतलं नाही, पण वजनाचा प्रश्न आपल्या मातीला नवा नाही. जत्रेतल्या कुस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे: तिथे काटा नसतो. पंच पोरांकडे नजर टाकतात, दोघांना शेजारी उभं करतात आणि जोड लावतात. सुरुवात चिल्ल्यापिल्ल्यांपासून, इनाम रेवड्या नाहीतर नारळ. हलगीचा ठेका चढत जातो तसे पहिलवान मोठे होत जातात आणि दिवेलागणीला पहिल्या नंबरची कुस्ती लागते. गर्दी खरी त्या शेवटच्या कुस्तीची. हलका पहिलवान कितीही चपळ असो, तो दुपारच्या उन्हात लढून घरी जातो. लाल मातीने आपल्याला खूप दिलं, पण ‘मोठा म्हणजे वजनाने मोठा’ ही सवयही दिली.

या सवयीला पहिला मोठा धक्का दिला तो पेठपासून फार लांब नसलेल्या, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि तेही बँटमवेट या हलक्या गटात, 57 किलोंत. जत्रेत दुपारी लढणाऱ्या वजनाचा माणूस देशाचं पदक घेऊन परतला होता. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मात्र मृत्यूनंतर. कृष्णाकाठच्या या दोन हलक्या पहिलवानांच्या कपाळी एकच रेघ होती, असं म्हणावंसं वाटतं.

मुष्टियुद्धात जोड नजरेने लागत नाही, काट्याने लागते. अगदी सुरुवातीला तिथेही असे गट नव्हते, जो उभा राहील त्याच्याशी लढायचं. 1867 साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी ग्लोव्ह्ज आणि तीन मिनिटांची फेरी आणली. वजनी गटांची शिस्त हळूहळू बसत गेली. गटांची नावं ऐकली तर हसू येतं. सगळ्यात हलके ते फ्लायवेट, म्हणजे माशीच्या वजनाचे. मग बँटम, म्हणजे झुंजीचा छोटा कोंबडा. मग फेदर, म्हणजे पीस. पेटकर रिंगमध्ये होते त्या काळात, 1964 च्या ऑलिम्पिकमध्ये, दहा गट होते आणि फ्लायवेटची कमाल मर्यादा 51 किलो, बँटमची 54, फेदरची 57. 48 किलोंचा लाइट फ्लायवेट हा त्याहून हलका गट 1968 साली आला. म्हणजे तोवर 48 किलोंच्या माणसाला ऑलिम्पिकमध्ये स्वतःच्या वजनाची जोडच नव्हती. त्याने 51 किलोंच्या माणसाशी लढायचं किंवा घरी बसायचं.

माशी, कोंबडा, पीस या नावांत कौतुकापेक्षा चेष्टा जास्त आहे. पण हलक्या गटातली लढत एकदा रिंगजवळ बसून पाहिली की चेष्टा ओसरते. जड माणसाकडे एक भांडवल असतं: त्याचा एक ठोसा बसला तरी लढत संपू शकते. त्यामुळे तो वाट पाहू शकतो. हलक्याला ती चैन नाही. त्याने पुन्हा पुन्हा मारायचं, पुन्हा पुन्हा निसटायचं, तीन मिनिटं सलग. नवख्याला वाटतं ठोसा हातातून येतो. तो येतो टाचेतून. मागच्या पायाची टाच फिरते, तिच्यामागे कंबर, कंबरेमागे खांदा, आणि सगळ्यात शेवटी मूठ. म्हणून प्रशिक्षक मुलांना आधी हात शिकवत नाहीत, चालायला शिकवतात: पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे सरताना मागचा आधी, आणि काहीही झालं तरी पायावर पाय पडता कामा नये. पायांची कात्री झाली की एवढासा धक्काही भुईवर आणतो. दोरीवरच्या उड्या, हवेतली शॅडो, बॅगेवरची ठोकाठोक ही सगळी मेहनत एकाच गोष्टीसाठी: तोल जाऊ न देता तोल हलता ठेवायचा. अंतर ओळखणं, श्वास पुरवून वापरणं, खांद्यातून सुटणारा झपाटा आणि मार खाऊनही डोकं थंड ठेवणं, ही हलक्या बॉक्सरची खरी कमाई. वाचकांनी या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात, पुढे लागणार आहेत.

तोलाचा दुसरा अर्थ काट्यावरचा. रिंगमधल्या लढतीआधी प्रत्येक बॉक्सर एक लढत काट्याशी लढतो. वजन उतरवण्यासाठी जेवण तोडायचं, पाणी तोडायचं, घाम काढायचा. मेरी कोमचं उदाहरण बोलकं आहे. तिच्या सहा जागतिक सुवर्णपदकांपैकी बरीचशी 48 किलोंच्या आसपासची. 2012 साली लंडनला महिलांचं मुष्टियुद्ध ऑलिम्पिकमध्ये प्रथमच आलं, पण गट तीनच होते आणि सगळ्यात हलका 51 किलोंचा. मग आयुष्यभर वजन राखणारीने वजन वाढवलं, आपल्यापेक्षा उंच मुलींशी लढली आणि कांस्यपदक आणलं. पुढे 2018 साली पोलंडमधल्या स्पर्धेच्या वेळी उलटं झालं. ती पहाटे उतरली तेव्हा वजन दोन किलो जास्त भरत होतं आणि काट्यावर उभं राहायला चारच तास होते. तिने तासभर सलग दोरीवरच्या उड्या मारल्या, वजन उतरवलं आणि सुवर्णपदकही जिंकलं. काटा दया दाखवत नाही. कुस्तीत 2024 साली पॅरिसला विनेश फोगटच्या वाट्याला काय आलं ते ताजंच आहे: अंतिम फेरी गाठलेली, आणि 100 ग्रॅम जास्त. जड गटातल्या माणसाला शंभर ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पन्नास किलोंच्या गटात शंभर ग्रॅमला चार वर्षांची किंमत असते.

*

भारतातल्या हलक्या गटांच्या बहुतेक कारकिर्दी कुठून सुरू होतात हे पाहिलं तर एक वाट वारंवार दिसते: लहान चणीचा, गरीब घरचा मुलगा, आणि गणवेश. मणिपूरचा डिंको सिंग अनाथाश्रमात वाढला, पुढे नौदलात गेला आणि 1998 साली बँकॉकच्या आशियाई खेळांत 54 किलोंच्या बँटमवेट गटात सुवर्णपदक जिंकलं. त्याआधीचं मुष्टियुद्धातलं आशियाई सुवर्ण 1982 चं, कौर सिंग यांचं, आणि ते होतं हेवीवेट गटात. सोळा वर्षांनी ते सोनं जड माणसाकडून हलक्याकडे आलं आणि मणिपूरच्या गावागावांतल्या पोरांना, त्यांत मेरी कोमलाही, आपल्या वजनाचा एक नायक मिळाला. 2019 साली 52 किलोंत जागतिक रौप्यपदक मिळवणारा हरियाणाचा अमित पंघाल सैन्यातला. आपल्या पुण्यातली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट 2001 पासून अशा मुलांना लहान वयातच उचलते आणि शाळा, खुराक, रिंग हे सगळं एका छपराखाली देते. गणवेशाबाहेरही पुण्याने हलक्या गटाचा माणूस दिला आहे. 1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेटमध्ये उतरलेला, अर्जुन पुरस्कार मिळालेला मनोज पिंगळे पुण्याचाच. पण पुण्यातल्याच बॉइज बटालियनमधून वर आलेल्या मुरलीकांतच्या काळी यातलं काही नव्हतं. होती ती पलटण, पलटणीची रिंग आणि प्रेक्षक म्हणून बाकावर बसलेले जवान.

सैन्यातल्या मुष्टियुद्धाची एक गंमत आहे. तिथे टाळ्या नावाला कमी, पलटणीला जास्त मिळतात. पेटकर ईएमई या सैन्याच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या विभागात क्राफ्ट्समन होते, आणि त्यांच्या ठोशांवर त्या विभागाची इभ्रत लागलेली असे. वर्तमानपत्रांतून हॉकी भरभरून येई, क्रिकेट येई, जवानांची बॉक्सिंग क्वचित. तरीही तो मुलगा इतका पुढे गेला की 1964 साली सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी भारताच्या वतीने टोकियोला पोचला. गाव सोडून आलेल्या पोराचं वय तेव्हा वीसच्या आतबाहेर. त्याच वर्षी टोकियोने आणखी दोन मेळे पाहिले: ऑक्टोबरात ऑलिम्पिक आणि नोव्हेंबरात पॅरालिम्पिक. ज्या शहरात आपण दोन पायांवर नाचत ठोसे मारले, तिथेच त्याच वर्षी चाकांच्या खुर्च्यांवरची माणसं भाले फेकत होती, हे त्या तरुण बॉक्सरच्या गावीही नसेल. पुढच्या पॅरालिम्पिकला त्याचंच नाव भारताच्या यादीत असणार होतं.

1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर हवाई हल्ला झाला. पेटकरांच्या अंगात नऊ गोळ्या शिरल्या, वरून एक गाडी अंगावरून गेली. एक गोळी मणक्यापाशी कायमची राहिली. बराच काळ शुद्ध नव्हती. शुद्ध आली तेव्हा पाय लुळे पडले होते. बॉक्सरचा ठोसा टाचेतून येतो हे मघाशी सांगितलं. त्या टाचेपर्यंतची वाटच आता बंद झाली होती. कारकीर्द संपली, असं कुणीही म्हणालं असतं, आणि मुष्टियुद्धापुरतं ते खरंही होतं.

इथे थोडं थांबून एका डॉक्टरची ओळख करून देतो. लुडविग गुटमन हे जर्मनीतून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांना औषधपाण्याने फार दिवस जगवता येत नसे. माणूस खाटेवर खंगत जाई. स्टोक मँडव्हिलच्या इस्पितळात गुटमन यांनी खेळ हाच उपचार ठरवला. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनादिवशीच, त्यांनी 16 जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. आजचं पॅरालिम्पिक त्यातून उभं राहिलं. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या इस्पितळात पेटकरांना पाण्यात उतरायला सांगितलं गेलं, त्यामागे हाच विचार होता. पोहणं हा आधी व्यायाम होता, स्पर्धा नंतर.

आता त्या चार गोष्टी आठवा: अंतराची ओळख, श्वासाची बचत, खांद्याचा झपाटा, मार खाऊन थंड राहणारं डोकं. गोळ्यांनी पाय नेले, या चारांतलं काही नेलं नाही. जमिनीवर पायांशिवाय तोल सांभाळता येत नाही, पाण्यात येतो. पाणी माणसाचं वजन स्वतः उचलतं. पोहताना जे काम उरतं ते खांद्यांचं आणि छातीचं, आणि हे दोन्ही रिंगने घडवलेले होते. मी वैद्य नाही आणि हा दावा प्रयोगशाळेतला नाही, हे माझं वाचन आहे. पण शस्त्रक्रियेतून उठलेला माणूस एकाएकी जागतिक जलतरणपटू झाला, असा चमत्कार मानण्यापेक्षा हे वाचन मला त्या माणसाशी जास्त प्रामाणिक वाटतं. चमत्कार म्हटलं की त्याआधीच्या वर्षांची मेहनत पुसली जाते. पेटकरांच्या गोष्टीतून आपण नेमका बॉक्सरच पुसला आहे. ‘गोळ्या लागल्या आणि मग सोनं मिळालं’ असं एका वाक्यात सांगतो आणि डोळे पुसतो. ते सोनं मिळवणारे खांदे आधीच कुठेतरी तयार झालेले होते, इकडे कुणी बघत नाही.

मधल्या वर्षांची नोंदही डोळ्यांखालून घालावी. 1968 साली भारताने प्रथमच पॅरालिम्पिकमध्ये भाग घेतला. ते खेळ तेल अवीवला झाले आणि पेटकर तिथे टेबल टेनिस खेळले. त्या काळात अशा दौऱ्यांना सरकारी तिजोरीतून फारसं काही मिळत नसे, तेव्हा माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत झाली. 1970 साली एडिंबराच्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक खेळांत पेटकरांनी 50 मीटर मुक्त शैलीत सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य मिळवलं. आणि मग 1972. म्युनिकमधलं क्रीडाग्राम ऑलिम्पिकनंतर लगेच रहिवाशांच्या घरांत बदलायचं ठरलं होतं, म्हणून पॅरालिम्पिक हायडेलबर्गला नेले गेले. तिथे 50 मीटर मुक्त शैलीत पेटकरांनी 37.33 सेकंदांत अंतर कापलं. सुवर्णपदक आणि विश्वविक्रम. भारताला कुठल्याही ऑलिम्पिक वा पॅरालिम्पिकमध्ये मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक सुवर्ण. ऑलिम्पिकमधलं तसं सोनं अभिनव बिंद्राने आणलं ते 2008 साली. तीन मिनिटांच्या फेरीशी ताडून पाहिलं तर 37 सेकंद म्हणजे फेरीचा जेमतेम पाचवा हिस्सा. हलक्या वजनाच्या बॉक्सरला तेवढ्या वेळात काय काय करता येतं, हे ज्याने रिंग पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

*

तोलाची गोष्ट इथे संपते. मोलाची खूप लांबते. हायडेलबर्गहून परतलेल्या माणसासाठी देशात मिरवणुका निघाल्या नाहीत. महिनाभरात म्युनिकच्या ऑलिम्पिकवर दहशतवादी हल्ला झाला आणि त्या वर्षीचं खेळांचं स्मरण त्या रक्ताने व्यापलं. पण दोष सगळा म्युनिकवर ढकलता येणार नाही. अपंग सैनिकाच्या खेळाला आपण खेळ मानतच नव्हतो, दिलासा मानत होतो. पेटकर पुण्याला टेल्कोत नोकरीला लागले, संसार केला. ऐंशीच्या दशकात अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी अर्ज केला, तो नाकारला गेला. नकाराचं उत्तर त्यांनी ठोशाने दिलं नाही. ते गार्ड वर ठेवून उभे राहिले, एवढंच म्हणता येईल. 2018 साली पद्मश्री जाहीर झाली, सुवर्णपदकानंतर 46 वर्षांनी. आणि 17 जानेवारी 2025 रोजी राष्ट्रपती भवनात त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा ते ऐंशीचे होते आणि कुबड्यांच्या आधाराने आले होते. त्याच समारंभात नेमबाज मनू भाकर आणि बुद्धिबळाचा जगज्जेता गुकेश यांना खेलरत्न मिळालं, दोघंही त्यांच्या नातवंडांच्या वयाची. गणतंत्र मंडपातल्या टाळ्या मात्र या ऐंशी वर्षांच्या माणसासाठी सर्वांत जास्त वेळ वाजल्या. त्या उशिरा वाजल्या म्हणून खोट्या ठरत नाहीत. पण उशिराची भरपाई टाळ्यांनी होते असं मानायचं कारण नाही. खाशाबांना तेवढंही मिळालं नव्हतं.

वाचकांना दोन विनंत्या. पहिली, सिनेमा पाहिला असेल तर तो पुस्तक उघडताना बाजूला ठेवावा. पडद्याच्या आपल्या गरजा असतात. तो चार प्रसंगांचा एक करतो, हसवण्यासाठी पात्रं घालतो, आणि ते त्याचं कामच आहे. पुस्तकाचं काम वेगळं. इथे जिथे आकडा आहे तिथे तो जपून दिला आहे, आणि जिथे पेटकरांनी स्वतः सांगितलेलं आहे तिथे तसं म्हटलं आहे. दुसरी विनंती, या कारकिर्दी ‘प्रेरणादायी’ म्हणून वाचू नयेत. प्रेरणा हा सोपा शब्द आहे. तो उच्चारला की आपली जबाबदारी संपते. त्याऐवजी प्रत्येक प्रकरणाला एक प्रश्न विचारावा: या माणसाने आपला तोल कसा सांभाळला, आणि आपण त्याचं मोल करायला किती वर्षं लावली? पहिल्या प्रश्नाची उत्तरं प्रकरणागणिक बदलतील. दुसऱ्याची फारशी बदलणार नाहीत.

आज पहाटे मी पुन्हा चौराह्यावर गेलो होतो. कोपऱ्यावरच्या काट्यावर एक पोरगा चपला काढून उभा होता. खिशातला मोबाइल आणि किल्ल्या त्याने मित्राच्या हातात दिल्या होत्या, त्यांचं वजन धरलं जाऊ नये म्हणून. आकडा पाहून त्याने मान हलवली, चपला पायांत सरकवल्या आणि पुन्हा धावत सुटला. त्याला उतरवायचं होतं की वाढवायचं, ते मी विचारलं नाही. या पुस्तकाची हिंदी प्रत कधी निघाली तर पहिली त्याला द्यायची आहे. पेठच्या मुरलीकांतलाही एकेकाळी असाच कुठल्या तरी काट्यावर उभा राहून स्वतःचा आकडा पाहावा लागला असेल.

थाटीपुर, ग्वाल्हेर